चमचा, चमचे आणि इटलीतली गावं



“कॉम्प्युटर सोडून काहीही लिही” अशी प्रेमळ तंबी मिळाल्यामुळे यंदा स्मरणिकेसाठी विषय शोधायला जरा वेळच लागला. शेवटी ज्या विषयात मी सगळ्यात जास्त वेळा तोंडावर पडलो आहे, तोच घेतला: गावांच्या नावांचे उच्चार.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. घरून फोन आला की पहिला प्रश्न, “काय म्हणतंय तुमचं बॉबलिंगेन?” मीही पहिली दोन वर्षं बॉबलिंगेनच म्हणत होतो. मग जर्मन क्लासच्या बाईंनी सांगितलं की जीभ ‘ए’ म्हणायच्या जागी ठेवायची, ओठ मात्र ‘ओ’ म्हणताना करतो तसे गोल करायचे, आणि मग आवाज काढायचा. मी आरशासमोर उभा राहून प्रॅक्टिस केली. बायकोला वाटलं दाढ दुखतेय! आजही एस-बानमधली ती रेकॉर्ड केलेली बाई स्टेशनचं नाव जसं घेते तसं मला जमत नाही, आणि माझी लेक, जी इथेच शाळेत जाते, ती दर वेळी ‘बाबा, तसं नाही’ म्हणते. हा आवाज मराठीत नाहीच, त्याला आपण तरी काय करणार?

पण इटालियनचं तसं नाही. इटलीतल्या गावांची नावं नीट म्हणायला लागणारे जवळपास सगळे आवाज आपल्या तोंडात लहानपणापासून आहेत. आड येतं ते आपलं इंग्रजी, आणि इथे आल्यावर त्यावर चढलेला जर्मनचा थर. हे मला कळलं ते जरा वाईट प्रसंगातून, म्हणून आधी तो सांगतो.

2019 सालचा मे महिना. सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आले होते. आपल्यापैकी बहुतेकांकडे आई-वडील आले की जो कार्यक्रम होतो तोच आमचाही: र्‍हाइनचा धबधबा, ब्लॅक फॉरेस्टची कोंबडेवाली घड्याळं (हो, ती कोकिळा असते, पण आमच्या सासूबाई कोंबडाच म्हणतात), आणि गाडी काढून इटली. आम्ही फर्नपास, इन्सब्रुक, ब्रेनर असं करत गार्दा सरोवराच्या दक्षिण टोकाला पोचलो. गावाचं नाव रोमनमध्ये पी-ई-एस-सी-एच-आय-ई-आर-ए. मी बुकिंग केल्यापासून त्याला ‘पेशिएरा’ म्हणत होतो. एस-सी-एच म्हणजे श, हे जर्मनीत पहिल्या आठवड्यात शिकतो माणूस. शूल, शुले, श्वाबेन... सगळीकडे श.

दुसर्‍या दिवशी दुपारी तटबंदीवर फिरून आम्ही एका छोट्या कॅफेत बसलो. बाबांना, म्हणजे सासर्‍यांना, डायबिटीस. सकाळी गोळी घेतलेली, आणि जेवणात ‘यात मासा तर नाही ना’ या शंकेने त्यांनी नुसता ब्रेड खाल्लेला. बोलता बोलता त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि ते काहीतरी असंबद्ध बोलू लागले. बायकोने प्रसंगावधान राखून समोरच्या टेबलावरून अक्षरशः उचलून संत्र्याचा ज्यूस त्यांना पाजला. मी 112 लावला. तिथून फोन अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांकडे गेला. पलीकडच्या बाईंचं इंग्रजी आणि माझं इटालियन साधारण एकाच लायकीचं. त्यांनी विचारलं, “दोवे?” म्हणजे कुठे?

मी म्हटलं, पेशिएरा.

“दोवे?”

पेशिएरा! पेशिएरा!

मग मी स्पेलिंग सांगायला लागलो, इंग्रजी अक्षरांत. पी, ई, एस, सी... त्याने गोंधळ आणखी वाढला. का वाढला ते नंतर कळलं, पुढे सांगतोच. शेवटी काउंटरमागच्या आजीबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि एकच शब्द म्हटला: पेस्क्येरा. पेस्क्येरा देल गार्दा. मग कॅफेचा पत्ता सांगून फोन परत माझ्या हातात. अ‍ॅम्ब्युलन्स आली तोवर ज्यूसमुळे बाबा माणसांत आले होते. त्यांनी शुगर तपासली, थोडा वेळ थांबले आणि गेले. सगळं निभावलं. पण फोनवरची ती दोन-तीन मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. जीपीएस खिशात, गावाचं नाव समोरच्या पाटीवर, आणि मला ते सांगता येत नव्हतं.

परत आल्यावर ऑफिसमध्ये एका सहकार्‍याला हे सांगितलं. त्याचे आजोबा साठच्या दशकात दक्षिण इटलीतून सिंडेलफिंगेनला कामाला आले. जर्मनीने बाहेरून कामगार आणण्याचा पहिला करार इटलीशीच केला, 20 डिसेंबर 1955 ला, आणि त्यानंतर आपल्या या भागात इटालियन कुटुंबं भरपूर आली. गावातलं आइस्क्रीमचं दुकान सहसा इटालियन माणसाचंच असतं ते काही उगाच नाही. तर हा गडी हसला नाही. त्याने व्हाइटबोर्डवर दहा-बारा गावांची नावं लिहिली आणि एकेक म्हणून दाखवली. मी सवयीने शेजारी देवनागरीत लिहून घेत गेलो. मग मी माझं देवनागरी वाचून दाखवलं तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं, कारण त्याच्या मते माझा उच्चार एकदम सुधारला होता. रोमन अक्षरं डोळ्यांसमोर असली की मी इंग्रजी किंवा जर्मन बोलायचो. देवनागरी वाचताना मी नुसता ऐकलेला आवाज काढत होतो. पुढे मी फोक्सहोखशूलमध्ये संध्याकाळचा इटालियनचा क्लासही लावला. खाली लिहिलंय ते बहुतेक त्या व्हाइटबोर्डवरचं आणि त्या क्लासमधलं. (रोमन अक्षरं इंग्रजी नावांनी लिहितोय, सी, जी, एच अशी. छपाईत गोंधळ नको म्हणून.)

सगळ्यात मोठी भानगड आहे सी या अक्षराची. त्याच्यापुढे ए, ओ, यू किंवा दुसरं व्यंजन असेल तर तो ‘क’: कोमो, क्रेमोना, आन्कोना. पुढे ई किंवा आय असेल तर ‘च’. म्हणून कोमो सरोवराच्या काठी आहे ते लेक्को, आणि इटलीच्या बुटाच्या टाचेत आहे ते लेच्चे. रोमनमध्ये फरक फक्त शेवटच्या एका अक्षराचा, प्रत्यक्षात एक देशाच्या वरच्या टोकाला आणि दुसरं खालच्या. बुकिंग करताना जरा जपून!

आता हे क चं च कसं काय होतं? लॅटिनमध्ये हा सी सगळीकडे ‘क’च होता. पण इ किंवा ए म्हणायला जीभ पुढे येते, त्या ओढीने आधीचा क हळूहळू पुढे सरकला आणि च झाला. इटालियनमध्ये मित्र म्हणजे ‘अमीको’, आणि अनेक मित्र म्हणजे ‘अमीची’. हे आपल्याला चमत्कारिक वाटायचं काही कारण नाही. आपल्याकडे संस्कृतातला ‘वाक्’ आणि ‘वाचा’ हा क-च चा जोडा आहेच. आणि त्याहून जवळचं उदाहरण रोज आपल्या हातात असतं. एकदा मोठ्याने म्हणून बघा: एक चमचा, दोन चमचे. ‘चमचा’मधला शेवटचा च दाताजवळचा आहे, साधारण ‘त्स’सारखा. ‘चमचे’ म्हटल्याबरोबर तो टाळूकडे सरकतो आणि ‘चहा’मधल्या च सारखा होतो. तसंच ‘माझा’ आणि ‘माझी’. आपल्याला हे शाळेत कुणी शिकवलं नाही, आपण जन्मापासून करतोय. पुढे इ-ए आला की जीभ टाळूकडे जाते, एवढंच. इटालियन माणूस वेगळं काही करत नाही.

‘जी’चं अगदी तसंच. गार्दा, लुगानो यांत ग. जेनोवा, आग्रिजेन्तो यांत ज.

मग प्रश्न असा की पुढे इ-ए आहे पण उच्चार क किंवा ग च ठेवायचाय, तर लिहायचं कसं? त्यासाठी इटालियन लोकांनी एच हे अक्षर वॉचमन म्हणून नेमलं आहे. स्वतःचा आवाज शून्य. काम एकच: क ला च होऊ द्यायचं नाही, ग ला ज होऊ द्यायचं नाही. इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्या डोळ्याला सी-एच दिसलं की तो च वाचतो. जर्मन शिकलेला डोळा ख नाहीतर श वाचतो. आणि इटालियनमध्ये तो चक्क क असतो. क्यान्ती (आपण ‘चियान्ती’ म्हणतो ती वाईनवाली), गॉटहार्डच्या बोगद्यातून खाली उतरत गेलं की इटलीच्या हद्दीवर येणारं क्यास्सो, व्हेनिसच्या दक्षिणेचं क्योज्ज्या. आणि एस-सी-एच म्हणजे ‘स्क’, म्हणूनच पेस्क्येरा. एच काढून टाकला, म्हणजे एस-सी पुढे इ-ए आला, तर मात्र ‘श’: ब्रेश्शा हे शहर पेस्क्येराहून फार लांब नाही. मासा म्हणजे ‘पेशे’ आणि पीच ही फळं म्हणजे ‘पेस्के’, फरक त्या एका वॉचमनचा. आमच्या बाबांना हे आधी माहीत असतं तर ते त्या दिवशी व्यवस्थित जेवले असते! (आता पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत ‘ब्रुशेटा’ मागणार्‍यांना आपण काही बोलू नये. पण ते ब्रुस्केत्ता आहे.)

याच्या उलटही एक सोय आहे. पुढे आ, ओ, उ आहे पण उच्चार च किंवा ज हवाय, तर मध्ये आय घालायचा. हा आय वाचायचा नाही. पेस्क्येरापाशी सरोवरातून जी नदी बाहेर पडते ती मिन्च्यो, ‘मिन्सिओ’ नव्हे. कोमोकाठचं बेल्लाज्यो, ‘बेलाजिओ’ नव्हे. लागो माज्ज्योरे. आणि बारामतीकडच्या मंडळींनो, आपली पियाजिओ रिक्षा म्हणजे खरं तर ‘प्याज्ज्यो’! बारामतीला त्या कंपनीचा कारखाना आहे, आणि आपण जिला ‘अ‍ॅपे’ म्हणतो ते नाव ‘आपे’ असं आहे, म्हणजे मधमाशी. (व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. या कंपनीला माश्यांची आवड दिसते.) बाबा बारामतीजवळचेच. अ‍ॅम्ब्युलन्सवाले गेल्यावर तासाभराने त्या कॅफेसमोरून एक जुनी आपे भाजी घेऊन गेली, तेव्हा कुठे ते पहिल्यांदा हसले.

एक अपवाद लक्षात ठेवा. त्या आय वरच जोर असेल तर तो वाचायचा. व्हेनिसला ट्रेनने गेलात तर पाण्याच्या काठावरचं शेवटचं स्टेशन सान्ता लुचीआ. त्याआधीचं मेस्त्रे हे जमिनीवरचं. तिथे उतरून ‘कालवे कुठायत’ विचारणारे आम्ही एकटेच नसू.

आता झेड. इथे आपण जर्मन शेजार्‍यांच्या बरोबरीला आहोत, आणि इंग्रजांच्या फार पुढे. इटालियन झेड म्हणजे बहुतेक वेळा आपला ‘चमचा’मधला च, म्हणजे त्स. फिरेन्त्से, मोन्त्सा, आरेत्सो, वेनेत्स्या. काही वेळा तो द्झ होतो, ‘जावई’मधल्या ज सारखा, जसा कातान्द्झारोमध्ये. कुठे कोणता ते पाठच करावं लागतं. पण गंमत आहे विचेन्त्सा आणि प्याचेन्त्सा या शहरांची. त्यात दोन्ही च एकापाठोपाठ येतात: आधी चहातला, मग चमच्यातला. इंग्रज माणसाची जीभ इथे अडखळते. आपल्याकडे ‘चिंच’ हा अख्खा शब्दच तसा आहे. पहिला च टाळूचा, दुसरा दाताचा. तीन वर्षांचं मराठी पोर चिंच म्हणतं, त्याला विचेन्त्सा काय अवघड!

त आणि द यांच्याबद्दल मला जरा तळमळीने सांगायचं आहे. इंग्रजीतून आलेला प्रत्येक टी आपण ‘ट’ लिहितो आणि प्रत्येक डी ‘ड’. इंग्रजीसाठी ते ठीक आहे, त्यांची जीभ दाताला लागत नाही. पण इटालियन टी हा अस्सल ‘त’ आहे, ‘ताक’मधला, आणि डी हा ‘दही’मधला द. तरी आपली वर्तमानपत्रं आणि ट्रॅव्हल कंपन्यांची माहितीपत्रकं ‘ट्युरिन’, ‘ट्रेंटो’, ‘लेक गार्डा’ लिहितात, कारण नाव इंग्रजीच्या दारातून आलं. तोरीनो, त्रेन्तो, गार्दा. लिहायलाही सोपं, म्हणायलाही सोपं. माझ्या मते इटालियन माणसासमोर फक्त हा एक बदल केला तरी अर्धं काम होतं. तसाच शेवटचा स्वर. इटालियनमध्ये तो कधी गिळायचा नाही. ‘मिलान’ नाही, मिलानो. ऊदिने, त्रिएस्ते, लेच्चे यांतला ए स्वच्छ म्हणायचा. आणि त्यांचा ए-अक्षरवाला स्वर म्हणजे नेहमी ‘आ’, ‘अ‍ॅ’ कधीच नाही. जर्मन सवयीचा एक धोका इथे सांगून टाकतो. जर्मन एस शब्दाच्या सुरुवातीला झ सारखा होतो, पण इटालियनमध्ये पुढे स्वर असेल तर सुरुवातीचा एस साधा स असतो: सिएना, सावोना. आपल्या इथले श्वाबेनवाले आजोबा-आजी तसाही ‘स’च म्हणतात, फक्त ते ‘पोस्ट’चं ‘पोश्ट’ करतात. त्यांच्याकडून आओस्ता ऐकू नका!

जोडाक्षरांतही आपली चांदी आहे. मका आणि मक्का, दोन्ही म्हणून बघा. दुसर्‍यात जीभ क्षणभर थांबते. इटालियनमध्ये डबल अक्षर आलं की असंच थांबायचं. जर्मनमध्ये डबल अक्षर म्हणजे फक्त आधीचा स्वर आखूड, थांबणं वगैरे काही नाही. त्यामुळे इथल्या लोकांना लेक्को, लुक्का, रावेन्ना, प्याज्ज्यो मुद्दाम शिकावं लागतं. आपल्याला पत्ता, कच्चा, अण्णा म्हणता येतं, म्हणजे झालं. माझ्या क्लासमध्ये दहा जण होते, आणि या एका धड्यात, आयुष्यात पहिल्यांदाच, भाषेच्या वर्गात माझा पहिला नंबर आला.

बाकी दोन किरकोळ गोष्टी. जी-एन म्हणजे ‘कन्या’मधला न्य: बोलोन्या. जी-एल-आय म्हणजे ‘कल्याण’मधला ल्य. सार्डिनियाची राजधानी काल्यारी, सुरुवात अगदी आपल्या कल्याण स्टेशनसारखी. चिन्क्वे तेर्रेच्या पाच गावांतलं डोंगरावरचं गाव कोर्नील्या. झालं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मराठी माणूस जन्मजात इटालियनच! तर तसं नाही. एका गोष्टीत आपण सपशेल कच्चे आहोत, आणि ती म्हणजे शब्दावरचा जोर. मराठीत आपण शब्द साधारण सपाट म्हणतो. कुठल्या अक्षरावर ठोसा द्यायचा याची सवय नाही. इटालियन माणूस मात्र नाव ओळखतो ते बरंचसं जोरावरून. बहुतेक नावांत जोर शेवटून दुसर्‍या अक्षरावर: मिलानोत ‘ला’वर, वेरोनात ‘रो’वर, सिर्म्योनेत ‘म्यो’वर. शेवटच्या अक्षरावर असेल तर ते बिचारे लिहूनच दाखवतात, वर तिरकी रेघ देऊन. गार्दाकाठच्या सालोच्या ‘ओ’वर ती दिसेल. छळतात ती नावं ज्यांचा जोर त्याच्याही मागे असतो आणि लिहिलेला नसतो. नापोलीत ‘ना’वर, जेनोवात ‘जे’वर, मोदेनात ‘मो’वर, बेर्गामोत ‘बेर’वर. पादोवा, मान्तोवा, तारान्तो, सगळे पहिल्यावर. आपण सरसकट ‘बेरगामो’ असं मध्ये ताणून म्हणतो.

यावर मी शोधलेला उपाय म्हणजे आपले र्‍हस्व-दीर्घ. जोराचा स्वर बर्‍याचदा लांबतो, मग तो दीर्घ लिहायचा आणि बाकीचे र्‍हस्व: रीमिनि, ऊदिने. शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे शेवटचा इकार दीर्घ हवा, आणि आमच्या मराठीच्या बाईंनी ‘रीमिनि’ बघून लाल रेघच मारली असती. पण गाडीच्या डॅशबोर्डवर लावायच्या चिठ्ठीला शुद्धलेखन माफ.

गार्दाच्या पूर्वकाठी माल्चेझिने नावाचं गाव आहे, जोर ‘चे’वर. 1786 च्या सप्टेंबरात खुद्द ग्योटेसाहेब तिथल्या जुन्या किल्ल्याचं चित्र काढत बसले आणि गावकर्‍यांना ते ऑस्ट्रियाचे हेर वाटले. सुटका कशी झाली? गावातला एक माणूस पूर्वी फ्रांकफुर्टला नोकरीला होता, त्याने ग्योटेंना त्यांच्या गावाबद्दल विचारून खात्री करून घेतली, की हा खरंच फ्रांकफुर्टचा आहे. परमुलखात शेवटी कामी येतो तो तुमच्या गावी राहून आलेला एखादा माणूस. माझ्या नशिबात काउंटरमागच्या आजीबाई होत्या.

आता उच्चार बिनचूक जमला तरी एक अडचण उरतेच. तुम्ही नाव बरोबर म्हणता, पण ते त्या भाषेतलं नावच नसतं! जर्मन लोक मिलानोला माइलांड म्हणतात, वेनेत्स्याला वेनेडिग, नापोलीला नेआपेल. आपण रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स, नेपल्स म्हणतो, ती इंग्रजांकडून घेतलेली. इटालियन लोकही कमी नाहीत. आपलं श्टुटगार्ट त्यांच्याकडे स्तोक्कार्दा. आणि म्युनिक? मोनाको! पूर्ण नाव मोनाको दी बाविएरा, म्हणजे बव्हेरियातलं मोनाको, पण बोर्डावर जागा नसली की नुसतं मोनाको. वेरोनाहून ट्रेनने परतताना ‘मोनाको’ वाचून घाबरू नका, ती राजपुत्राच्या गावाला जात नाही. गंमत म्हणजे ‘मोनाको’ म्हणजे मठातला साधू, आणि ‘म्युन्शेन’ या नावाचं मूळही साधूच. म्हणजे त्यांनी भाषांतर बरोबर केलंय, त्रास आपल्याला. 2009 मध्ये एक स्वीडिश जोडपं काप्री बेटाला जायला निघालं आणि जीपीएसमध्ये दोन अक्षरांची अदलाबदल होऊन मोदेनाजवळच्या कार्पी गावात पोचलं. तिथे जाऊन त्यांनी निळी गुहा कुठे आहे म्हणून चौकशी केली, ती बातमी जगभर छापून आली होती.

ब्रेनर ओलांडल्यावर तर प्रत्येक पाटीवर दोन नावं. बोल्त्सानो आणि बोत्सेन, विपितेनो आणि श्टेरत्सिंग. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण तिरोल इटलीकडे गेला, तेव्हा तिथल्या जर्मन नावांना इटालियन नावं दिली गेली. त्यातली बरीचशी एत्तोरे तोलोमेई नावाच्या गृहस्थाने 1916 मध्येच यादी करून ठेवली होती. आजही तिथल्या दोन तृतीयांशाहून जास्त लोकांची भाषा जर्मन आहे, आणि नावांचा वाद पूर्ण मिटलेला नाही. कुठलं नाव घ्यायचं? मी ज्या भाषेत बोलत असतो त्या भाषेतलं घेतो. बेळगावकडच्या मंडळींना यावर जास्त काही सांगायला नको.

राहिली ती स्पेलिंगची गोष्ट. त्या दिवशी फोनवर मी ‘ई’ म्हणत होतो, इंग्रजी ई. पण इटालियनमध्ये ‘ई’ हे आय या अक्षराचं नाव! आणि इंग्रजी ई ला ते ‘ए’ म्हणतात. सी ला ‘ची’, एच ला ‘आक्का’. म्हणजे त्या बाई माझं ऐकून भलतंच लिहून घेत असणार. इटालियन लोक फोनवर स्पेलिंग सांगताना गावांची नावं घेतात: आ म्हणजे आन्कोना, बी बोलोन्या, ची कोमो, दी दोमोदोस्सोला, ए एम्पोली, ई ईमोला, एस्से सावोना, ऊ ऊदिने. एच ने सुरू होणारं सोयीचं गाव नाही म्हणून तिथे ‘होटेल’, आणि तोही ‘ओतेल’ असा म्हणायचा. पेस्क्येराचं स्पेलिंग म्हणजे पालेर्मो, एम्पोली, सावोना, कोमो, होटेल, ईमोला, एम्पोली, रोमा, आन्कोना. म्हणजे एका गावाचं नाव सांगायला नऊ शब्द लागतात. पण समजतं.

जर्मनीतही आता हीच पद्धत आली आहे. आपण सगळे इथे आपली लांबलचक आडनावं ‘आन्टोन, बेर्टा, सेझार’ करत सांगायला शिकलो. त्या यादीतली डाविड, नाथान, सामुएल अशी ज्यू नावं 1934 मध्ये नाझींनी काढून टाकली होती. 2022 मध्ये डिन 5009 हे स्टँडर्ड बदललं आणि कार्यालयीन वापरासाठी माणसांच्या नावांऐवजी शहरांची नावं आली: आखेन, बेर्लिन, कोटबुस... आपल्या शेजारचं ट्युबिंगेन टी साठी आहे. बॉबलिंगेनचा नंबर लागला नाही, बी बेर्लिनने नेला. तरी आपल्या गावाचं इटलीशी नातं आहे. आल्बा हे प्येमोन्तेमधलं, पांढर्‍या ट्रफलचं आणि नूतेल्लावाल्या फेर्रेरो कंपनीचं शहर बॉबलिंगेनचं जोडशहर आहे. इटलीतल्या नावांची प्रॅक्टिस तिथून सुरू करायला हरकत नाही. आल्बा. यात चुकायला जागाच नाही.

बाबा-आई या सप्टेंबरमध्ये परत येताहेत. बाबांनी फोनवर सांगून ठेवलंय की गार्दाला पुन्हा जायचं, त्या आजीबाईंना भेटायचं आहे, कॅफे अजून असेल तर. लेकीने डॅशबोर्डसाठी चिठ्ठी लिहून ठेवली आहे. वर 112, खाली हॉटेलचा पत्ता देवनागरीत, गावाच्या नावात ‘स्क्ये’खाली दोन रेघा, आणि त्याच्याखाली नऊ गावांची नावं ओळीने. तिला मराठी लिहिता यावं म्हणून आम्ही गेली तीन वर्षं दर शनिवारी मागे लागतो, तेव्हा ती काहीबाही कारणं काढते. ही चिठ्ठी मात्र तिने न सांगता लिहिली. ‘पालेर्मो’चा रफार चुकलाय. मी दुरुस्त केला नाही.